आधी दिसणारा माणूस

हेमांगीची तक्रार तशी साधीच होती. फोनमध्ये 'आमचे' या नावावर बोट ठेवलं की नवऱ्याचा फोटो यायच्या आधी दुसराच कोणीतरी माणूस दिसायचा. पापणी लवेपर्यंत राहायचा आणि जायचा. मग गौरेश यायचा, उजळ, हसरा, नुकता न्हाऊन आल्यासारखा.

"काळोसाळो आसा. कपाळाक आठी. असो बघता माझ्याकडे, जसा काय मीच तेचा कायतरी घेतलंय," ती नणंदेला म्हणाली. "तुमच्याच कंपनीचा ना गो ता अ‍ॅप? मगे काढून टाक तेका."

"काढतंय गो वयनी," शलाका म्हणाली आणि विसरून गेली.

काम तिचंच होतं, हे खरं. कुडाळच्या कचेरीत ती 'चेहरेपट्टी' या अ‍ॅपच्या दुरुस्ती विभागात होती. कोणाच्या फोनमध्ये फोटो उशिरा उघडतो, कोणाचा उघडतच नाही, कोणाला मामाच्या जागी गॅसवाला दिसतो, अशा तक्रारींचं मूळ शोधायचं. आठवडाभर परक्यांचे मामा शोधून दमलेली बाई रविवारी माहेरी जाते ती सौंदाळ्या माशाचं तिखलं ओरपायला, वहिनीचा फोन उपसत बसायला नव्हे. शिवाय एवढासा दोष, त्याने कोणाचं काय बिघडणार होतं? म्हणून ती तक्रार लोंबकळत राहिली. पुढे जन्मभर पुरेल एवढा पस्तावा त्या आळसात साठत होता, पण ते तिला कसं कळावं.

चेहरेपट्टी कशी चालते हे समजायला फार अक्कल लागत नाही. एके काळी एकाच आत्याचे फोटो चाळीस भाचरांच्या फोनमध्ये पडून असायचे, आणि त्यांच्या प्रती कुठल्यातरी दूरच्या गोदामांतल्या संगणकांत. ती गोदामं वीज आणि पाणी इतकं प्यायला लागली की सरकारांना जाग आली आणि फोटो साठवण्यावर बंधनं आली. तेव्हा कोणाच्या तरी डोक्यातून युक्ती निघाली, की फोटो ठेवायचाच नाही, चेहऱ्याचं माप ठेवायचं. डोळ्यांतलं अंतर, नाकाचा उतार, गालाची हाडं, कातडीचा रंग, सगळं काही शे आकड्यांत मावतं. नाव उघडलं की फोन त्या आकड्यांवरून तिथल्या तिथे चेहरा रंगवून दाखवतो. लाडू डब्यात भरून ठेवण्याऐवजी कृती ध्यानात ठेवावी आणि हवा तेव्हा वळावा, तसंच हे.

मग पुढची पायरी आली. एका नंबरचा माणूस एकच, तेव्हा त्याचं मापही एकच ठेवायचं. चाळीस भाचरांचे चाळीस फोटो घ्यायचे आणि त्यांचा मेळ घालायचा. एकात आत्याचे डोळे मिटलेले असले तर दुसऱ्यातून उघडे उचलायचे. कोणाचाही फोटो धूसर राहिला नाही. अल्बममधले जुने चेहरे, लग्नातले, बारशातले, तेही त्याच मापावरून रंगवले जाऊ लागले. व्हिडिओ कॉलचंही तेच झालं. जिथून नेट अशक्त असेल तिथून नुसता आवाज यायचा, आणि बोलणारा चेहरा इकडच्या फोनवर तयार व्हायचा. लोक खूश होते. स्वतःच्या घरची माणसं देखणी दिसली तर कोण तक्रार करतं?

एका नंबरचा माणूस एकच, हे मात्र कुठल्यातरी मोठ्या शहरात ठरलं होतं. शिरवणे बंदरावर येऊन कोणी विचारलं नव्हतं.

शिरवणे म्हणजे देवगडच्या बाजूचं गाबितांचं, म्हणजे मासेमारांचं, गाव. किनाऱ्याजवळचं पाणी तापत गेलं तसे आधी बांगडे गेले, मग सुरमई गेली आणि शेवटी माणसंही गेली. ती तरंगत्या मच्छी कारखान्यांवर गेली. हे कारखाने खोल हिंदी महासागरात उभे असतात, आणि एकदा चढलेला माणूस दोन-तीन वर्षं खाली उतरत नाही. शलाकाचा मोठा भाऊ गौरेश 'वरुणा' नावाच्या अशाच एका कारखान्यावर होता. एका खोलीत पाच माणसं आणि पाचांत मिळून उपग्रहावरून चालणारा एक फोन. ज्याची पाळी, त्याने घरी बोलायचं. पाचही घरांतल्या बायकांनी तोच नंबर आपापल्या नवऱ्याचा म्हणून ठेवला होता. बंदरावर पूर्वीपासून हीच रीत, बोटीचा फोन म्हणजे आपल्या माणसाचा फोन. हेमांगी नवऱ्याचं नाव घेत नसे, म्हणून तिने 'आमचे' लिहिलं आणि गौरेश निघाला त्या दिवशी धक्क्यावर काढलेला फोटो त्या नावापुढे लावला.

महिने गेले तसा फोनवरचा गौरेश उजळत गेला. शेजारणींनी हेमांगीला छळून काढलं.

"दर्यार जाऊन रूप इला गो तुझ्या घोवाक. थयसर काय हळद लावतत काय तेका?"

हेमांगी लाजायची. मनातून ती सुखावलेली होती.

आषाढात 'वरुणा' बुडाली. बातमीत वादळाचं चित्र होतं आणि मालकांच्या बाजूने कोणीतरी दुःख व्यक्त करत होतं. थोडी माणसं वाचली, थोड्यांची प्रेतं मिळाली आणि बाकीच्यांच्या नावापुढे बेपत्ता असं आलं. गौरेश बेपत्ता होता. शलाका रजा टाकून शिरवण्याला आली आणि दोघी फोन उशाशी घेऊन बसल्या.

फोन आला तो कर्नाटकच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा रुग्णालयातून. शांतला नावाची परिचारिका बोलत होती, आणि तिला बरं मराठी येत होतं.

"मासेमारांना एक माणूस मिळाला आहे. 'वरुणा'वरचा असेल. गळा चिरडलाय, बोलता येत नाही. उजवा हात मोडलाय, लिहिता येत नाही. आम्ही चेहरा जुळवून बघितला. तुमच्या माणसाशी जुळत नाही, असं मशीन सांगतं. कोणाशीच जुळत नाही. पण मी घरोघर फोन लावते आहे. एकदा बघून घ्या, ताई."

शलाकाने आपला फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला. त्या माणसाला नाव नव्हतं, नंबर नव्हता, म्हणून मापही नव्हतं. कॅमेऱ्यापुढे तो जसा होता तसाच दिसत होता. उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने सोललेलं तोंड, वाढलेली दाढी, सुजलेले गाल. पडद्यावर या दोघी दिसताच तो धडपडून उठून बसला. कोणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली दाबायला लागलं, तरी तो बसूनच राहिला. त्याचे ओठ हलत होते. मग त्याने डावा हात उचलला आणि अंगठ्याने भुवई पुसली, एकदा, आणि पुन्हा एकदा.

हेमांगी पुढे वाकली. "डोळे," ती हळूच म्हणाली. "शलाका, डोळे बघ गो."

शलाकाने बघितले. काहीतरी ओळखीचं वाटलं, पण ते काय हे तिला धरता येईना.

"काही खूण आहे का तुमच्या माणसाला?" शांतलाने विचारलं. "याच्या डाव्या भुवईत जुनी चीर आहे. तेवढ्या जागी केस नाहीत."

दोघींपैकी एकीनेही डोळे मिटून आठवून बघितलं नाही. हेमांगीने आपण सगळेच करतो तेच केलं. तिने स्वतःचा फोन उचलला. 'आमचे' उघडलं. तो आगंतुक दिसला, गेला, आणि गौरेश आला. दोन बोटांनी तिने त्याची भुवई मोठी केली. भुवई अखंड होती. मग तिने लग्नाचा अल्बम उघडला. मुंडावळ्यांखालीही भुवई अखंड होती. तिने फोन शलाकासमोर धरला आणि शलाकानेही नीट बघितलं.

"नाय," हेमांगी म्हणाली. "आमच्या ह्यांच्या भुवयेक काय नाय."

"नाही सिस्टर," शलाका म्हणाली. "माझ्या भावाला अशी खूण नाही."

नातलग हो म्हणाले तरच रक्ताची तपासणी करायची, असा नियम होता. त्या नाही म्हणाल्यावर विषयच मिटला. शांतलाने 'तुमचा माणूस सुखरूप मिळो' म्हटलं आणि फोन ठेवला. हेमांगीला त्या माणसाची कणव आली. "खयच्या घरचो आसा काय माहीत. वाट बघीत असतली तेची बायको," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी गौरेशच्या नावाने वेतोबापुढे नारळ ठेवला तेव्हा एक त्याच्याही नावाने ठेवला.

त्यानंतर गौरेशची काहीच खबर आली नाही. हेमांगीला दिवसभर एकच काम उरलं. 'आमचे' उघडायचं, बघायचं, बंद करायचं. आणि दर वेळी आधी तो माणूस आडवा यायचा.

"माका आता तेचो राग येता," ती एका रविवारी म्हणाली. "माझ्या घोवाच्या आणि माझ्या मधी तो कित्याक? तुका एवढा पण होईना काय गो?"

शलाका ओशाळली. सोमवारी कचेरीत जाऊन तिने तक्रार हातात घेतली, पण तिथे तो दोष दिसेचना. 'आमच्याकडे तर होत नाही' हे दुरुस्तीवाल्यांचं ठरलेलं उत्तर तिच्याही ओठांवर आलं होतं. मग तिच्या ध्यानात आलं, की कचेरीतलं नेट पाण्यासारखं वाहतं आणि शिरवण्याला ते थेंबाथेंबाने येतं. पुढच्या रविवारी ती लॅपटॉप घेऊनच गेली.

जेवणं झाल्यावर तिने पडवीत बसून वहिनीचा फोन लॅपटॉपला जोडला, पडद्याचं चित्रण केलं आणि एकेक क्षण सुटा करून बघायला लागली. दोषाचं कारण लगेच मिळालं. मोठा चेहरा रंगवून होईपर्यंत पडदा रिकामा दिसू नये म्हणून फोन जवळ एक टिकलीएवढी जुनी प्रत ठेवतो आणि आधी ती दाखवतो. मोठा चेहरा बदलला की ही धाकटी प्रतही बदलायला हवी. ती बदलायला अ‍ॅप लिहिणारं कोणीतरी विसरलं होतं. म्हणजे धाकटी प्रत होती पहिल्या दिवशीची, हेमांगीने स्वतःच्या हाताने लावलेली. कारण सापडल्याचा आनंद शलाकाला नेहमी व्हायचा तसा क्षणभर झालासुद्धा.

मग तिने ती प्रत मोठी करून बघितली.

आधी तिला वाटलं, हा तर रुग्णालयातला माणूस. हा वहिनीच्या फोनमध्ये कसा आला? ऊन डोळ्यांवर आल्यामुळे कपाळाला आठी, रापलेला रंग, डाव्या भुवईत चीर. त्याच्या मागे बंदरावरचं निळं बर्फघर होतं. बर्फघराला टेकून एक स्कूटर उभी होती, आणि ती शलाकाची होती. त्या दिवशी ती फोटो काढणाऱ्या वहिनीच्या शेजारीच उभी राहून 'हस मरे दादा' म्हणत होती.

तेव्हा कुठे तिला वल्हं आठवलं. ती लहान होती. खाडीत होडी मीच वल्हवणार म्हणून हट्ट धरला होता, आणि वल्हं हातातून निसटून दादाच्या भुवईवर बसलं होतं. रक्ताची धार लागली होती. बाबांना त्याने सांगितलं, खडपावर घसरलो. पुढे ती कधी फुशारकी मारायला लागली की तो काही न बोलता अंगठ्याने ती भुवई पुसायचा आणि ती गप्प व्हायची. तो अंगठा त्याने रुग्णालयात तिच्यासाठी उचलला होता. बोलता येत नव्हतं, लिहिता येत नव्हतं, तेव्हा जे फक्त तिलाच कळलं असतं ते त्याने सांगितलं होतं. आणि ती म्हणाली होती, माझ्या भावाला अशी खूण नाही.

तिने कंपनीच्या नोंदीत तो नंबर शोधला. पाच घरं होती. पाच बायकांनी लावलेले पाच नवरे, आणि अ‍ॅपने इमानेइतबारे त्या पाचांचा एकच माणूस केलेला. पाचांची सरासरी काढली की चेहरा देखणाच होतो, कारण ज्याचं त्याचं व्यंग त्यात बुडून जातं. चीर पाचांपैकी एकाच फोटोत होती, म्हणून ती कचरा समजून अ‍ॅपने पुसली होती. कॉलवर बोलायचा तो आवाज दादाचा आणि तोंड त्याचं, जो कोणीच नव्हता. वर्षभर ते तोंड बघून बघून दोघींच्या डोळ्यांतला गौरेशही पुसला गेला होता. शलाकाला स्वतःची किळस आली.

तिने रुग्णालयात फोन लावला.

"तो होय?" शांतला म्हणाली. "तो वारला, ताई. तुमच्या फोननंतर आठवडाभर होता."

शलाकाची नजर लॅपटॉपवरच्या त्या भुवईवर होती.

"बाकीच्या घरांना फोन लावले तेव्हा तो पडूनच होता. तुमच्या वेळी उठून बसला. मला वाटलं होतं, हेच घर. पण तुम्ही दोघी नाही म्हणालात."

"त्याला ऐकू येत होतं?"

"हो. सगळं कळत होतं. त्यानंतर त्याने तोंड भिंतीकडे केलं. नळीने खायला घालत होतो, ती ओढून काढायचा. अंत्यविधी नगरपालिकेने केला. ताई, तुमचाच होता का तो?"

"हो," शलाका म्हणाली. "माझा भाऊ होता."

फोन ठेवल्यावर तिला आणखी चार घरं आठवली. त्या फोनांमध्येही आधी दिसणारा एकेक माणूस असणार होता, खरा. तिने रणदिवेंना, तिच्या वरिष्ठांना, फोन केला. माणूस वाईट नव्हता.

"अगं, तो आधी दिसणाऱ्या माणसाचा दोष ना? सापडला आम्हाला," ते म्हणाले. "इतर बंदरांवरूनही तक्रारी होत्या. धाकट्या जुन्या प्रती पुसायच्या, बस. अपडेट दुपारपासूनच जातंय."

"सर, ते थांबवा. त्या जुन्या प्रती खऱ्या आहेत."

"खऱ्या म्हणजे?"

तिने सांगितलं.

"वाईट झालं, शलाका. फार वाईट झालं. पण पाच घरांसाठी देशभरचं अपडेट थांबवा, असं मी वर कोणत्या तोंडाने सांगू? आणि ते निघालंय. परत येत नाही."

शलाकाने वहिनीच्या फोनचं नेट तेवढं बंद केलं.

हेमांगी परसातून वाळलेले कपडे घेऊन आली. शलाकाचा चेहरा बघून तिने कपडे खाली ठेवले. न सांगता राहता आलं असतं. आगंतुक गेला असता, हेमांगीने देखण्या गौरेशची वाट बघत म्हातारपण गाठलं असतं आणि कोणाला काही कळलं नसतं. शलाकाच्या मनात हे येऊन गेलं. पण तो भिंतीकडे तोंड करून गेला होता, आणि ते तिला एकटीला पेलणारं नव्हतं.

"वयनी, बस. हेका बघ."

तिने 'आमचे' उघडलं. नेट नव्हतं, त्यामुळे मोठा चेहरा आलाच नाही. तो माणूस दिसला आणि पहिल्यांदाच थांबून राहिला.

"अगो, हो माणूस आज जायना," हेमांगी म्हणाली. मग फोन जवळ घेऊन ती बघत राहिली. "हेका मी खयतरी बघलंय." आणि थोड्या वेळाने, "हो तर तो हॉस्पिटलातलो."

शलाकाने सगळं सांगितलं. वल्हं सांगितलं, पाच घरं सांगितली, शांतला काय म्हणाली तेही काही न गाळता सांगितलं. हेमांगी मध्ये एकदाच बोलली.

"मी नाय म्हटलंय, ता तेणी ऐकला?"

"होय."

हेमांगी त्या रापलेल्या, आठी घातलेल्या तोंडाकडे बघत बसली. गळ्यातलं डोरलं तिने मुठीत धरलं होतं. डोळे कोरडे होते.

"माका रडाक येना गो," ती म्हणाली. "हो माका कोण वाटनाच. परको वाटता. नेट चालू कर."

"वयनी, नेट चालू केलंस तर हो जातलो. परत येवचो नाय."

"जाव दे. माका माझो घोव बघूचो आसा."

शलाकाचा हात उठेना, तेव्हा हेमांगीने स्वतःच नेट चालू केलं. फोन थोडा वेळ आपल्याशीच काहीतरी करत राहिला. मग तिने 'आमचे' उघडलं आणि गौरेश सरळ समोर आला, उजळ, हसरा, अखंड भुवयांचा. त्याला बघताच तिला रडू फुटलं. फोन छातीशी धरून ती ओरडून ओरडून रडली, शेजारणी धावत आल्या, कोणी तिला पाणी दिलं, कोणी तिचं डोकं मांडीवर घेतलं. ज्याच्यासाठी रडायचं तो त्या फोनमध्ये आता कुठेच नव्हता, हे शलाका सोडून कोणालाच ठाऊक नव्हतं.

शेजारणी गेल्यावर हेमांगी उठून बसली. तिने 'आमचे' बंद केलं आणि उघडलं. पुन्हा बंद केलं, उघडलं. डोळे ताणून ती बघत होती.

"आता आधी तो येना," ती म्हणाली.

"नाय येवचो."

"तुझ्याकडे आसा मा तो?"

शलाकाने लॅपटॉपवरची प्रत तिच्या फोनवर पाठवली आणि 'आमचे' या नावापुढे लावली. धक्क्यावरचा गौरेश आला, डोळ्यांवर ऊन घेऊन. हेमांगीने त्याच्या भुवईवर बोट टेकवलं. खाली बारीक अक्षरं उमटली, 'फोटो सुधारत आहोत'. आधी चीर सांधली गेली, मग आठी गेली, मग रंग उजळला, आणि तो देखणा माणूस दोघींकडे बघून हसायला लागला.

"परत लाव," हेमांगी म्हणाली.

शलाकाने परत लावला.